निरनिराळ्या जमाती, एक तिजोरी

मुंबईच्या शेख मेमन रस्त्याजवळची जुमा मशीद एका जुन्या तळ्यावर उभी आहे. तिचे बांधकाम १८०२ साली पुरे झाले. बांधणाऱ्यांनी तळे बुजवले नाही. दगडी कमानी घालून मशीद त्याच्यावर उचलून धरली, आणि नमाजाला आलेली माणसे आजही त्याच पाण्याकाठी बसून वजू करतात. ही मशीद कोकणी मुसलमानांनी उभी केली आणि सांभाळली. तिथून मांडवीच्या दिशेने थोडे चालले की झकेरिया मशीद लागते, ती कच्छी मेमनांची. डोंगरीत खोजांचा जमातखाना, भेंडी बाजाराच्या गल्ल्यांत दाऊदी बोहऱ्यांचा मोहल्ला. हालाई मेमन कच्छी मेमनांपासून वेगळे, आणि सुलेमानी बोहरे दाऊदींपासून वेगळे. एवढ्याशा टापूत इतक्या जमाती, आणि प्रत्येकीचे कब्रस्तान, पंच आणि जमाखर्चाची वही निराळी.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या मुसलमानांकडे शिक्षणासाठी पैसा नव्हता, असे सरसकट म्हटले जाते. ते पटण्यासारखे नाही. कोकणी नाखुदांची जहाजे होती, मेमनांच्या पेढ्या होत्या, खोजा आणि बोहरा व्यापाऱ्यांचा माल चीनपासून झांझिबारपर्यंत जात होता. पैसा होता आणि दानतही होती. पण दान जमातीच्या उंबऱ्याच्या आतच फिरत असे. लग्नाच्या वेळी जमातीला रक्कम द्यायची, कुणी मोठा सौदा केला की काही बाजूला काढायचे, दंड झाला तर भरायचा. त्यातून बेवारस मयताचे कफन-दफन व्हायचे, विधवेच्या घरी धान्य जायचे, जमातखान्याच्या मोठाल्या देगा विकत घेतल्या जायच्या. ज्याला जमातीने वाळीत टाकले, त्याच्या मयताला खांदा द्यायलाही माणसे मिळत नसत. आतल्या माणसाला अशी व्यवस्था घट्ट धरून ठेवते. बाहेरच्याचा तिच्याशी संबंध नसतो.

१८९६ साली प्लेग आला तेव्हा हे अगदी उघड दिसले. सरकारी इस्पितळांची लोकांना धास्ती होती, म्हणून हिंदू जातींनी आणि मुसलमान जमातींनी आपापली प्लेग इस्पितळे काढली. सगळ्यांवर संकट एकच होते, आणि तरी खाटा मात्र जमातवार मांडल्या गेल्या.

त्याच्याही आधी, १८६६ साली, खोजांचा खटला मुंबईच्या हायकोर्टात गाजला. न्यायमूर्ती जोसेफ अर्नोल्ड यांच्यापुढे प्रश्न होता तो खोजांची जमात कुणाची आणि तिच्या मालमत्तेवर अधिकार कुणाचा. निकाल इस्माइलींचे इमाम आगाखान यांच्या बाजूने लागला. खोजा हे इस्माइली शिया आहेत असे कोर्टाने ठरवले, आणि सुन्नी म्हणवणाऱ्या सुधारक गटाला बाहेर राहावे लागले. या निकालाची चर्चा बहुधा धर्माच्या अंगाने होते. शहरातल्या इतर जमातींच्या पंचांनी त्यातून कोणता धडा घेतला असेल, हेही पाहायला हवे. सामाईक पैसा म्हणजे उद्याचा दावा, हा तो धडा. एका जमातीतल्या दोन गटांचे पटत नसेल, तर पाच जमातींनी एका पेटीत पैसे टाकायचे तरी कशाच्या भरवशावर?

या पार्श्वभूमीवर १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली. तिच्या मागे बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन आणि नाखुदा महंमद अली रोगे ही मंडळी होती. बद्रुद्दीन विलायतेतून बॅरिस्टर होऊन १८६७ साली परतले होते आणि हायकोर्टात वकिली करत होते. पुढे १८८७ साली मद्रासच्या अधिवेशनात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १८९५ साली न्यायाधीश. तय्यबजी कुटुंब सुलेमानी बोहऱ्यांचे. ही जमात इतकी लहान की शहरातल्या मोठ्या जमातींना तिचा धाक वाटण्याचे कारणच नव्हते. अंजुमनच्या पुढच्या वाटचालीत ही गोष्ट फार उपयोगी पडली असावी. मेमन सेठ पुढे आला असता तर खोजांनी विचारले असते, पैसा कुठे जाणार? खोजा पुढे आला असता तर मेमनांनी तेच विचारले असते. तय्यबजींनी झोळी फिरवली तेव्हा ते आपल्याच जमातीचे घर भरतील अशी शंका घ्यायला जागा नव्हती. रोगे हे कोकणी मुसलमानांचे पुढारी, त्यामुळे शहरातल्या सगळ्यांत जुन्या मुसलमान वस्तीचा हात पाठीशी होता.

१८८० साली बाबुला टँकजवळ अंजुमनची शाळा सुरू झाली. मुले जेमतेम शंभर-सव्वाशे. इथे इंग्रज सरकारच्या अनुदानाच्या पद्धतीकडे नीट पाहायला हवे, कारण जमातींना एकत्र आणण्यात तिचा वाटा मोठा आहे आणि त्याबद्दल कमी लिहिले गेले आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर खासगी शाळांना सरकार मदत देऊ लागले. त्याच्या अटी ठरलेल्या होत्या. शाळेला चालकमंडळ हवे, स्थानिक लोकांचा पैसा त्यात हवा, हिशेब तपासणीला खुला हवा, आणि सरकारी इन्स्पेक्टर येऊन मुलांची परीक्षा घेणार. गल्लीतल्या मक्तबला या अटी झेपणाऱ्या नव्हत्या, आणि एकेकट्या जमातीला त्यासाठी पुरेशी शिकलेली माणसे मिळणे कठीण होते. सगळ्या जमातींची मिळून एक संस्था असली तर मात्र ते जमण्यासारखे होते. म्हणजे सरकारी रुपया मिळवायचा तर आधी आपापसातले रुपये एका वहीत लिहावे लागत. बद्रुद्दीन हे बारकाईने जाणत होते. कायदा त्यांच्या रोजच्या कामाचा होता, आणि संस्था नियमांनी बांधली नाही तर ती पहिल्या भांडणात मोडते हे कोर्टात उभ्या राहणाऱ्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

शाळा कोणत्या भाषेत चालवायची, हा पुढचा पेच. कोकणी मुसलमानांच्या घरी कोकणी-मराठी बोलली जाई, कच्छी मेमनांच्या घरी कच्छी, खोजा-बोहऱ्यांकडे गुजराती. अंजुमनने उर्दूचा आधार घेतला. या व्यापारी जमातींपैकी उर्दू कुणाचीच घरची भाषा नव्हती, म्हणून ती सगळ्यांना चालली. तय्यबजींच्या कुटुंबाने तर घरातली गुजराती सोडून जाणूनबुजून उर्दू आपलीशी केली होती. जमाती जवळ आणण्यासाठी हा निर्णय कामाला आला, पण त्याची किंमत कोकणी मुलांनी मोजली. रत्नागिरी-कुलाब्याच्या खाड्यांवरून आलेल्या मुलाला बाजारात, कचेरीत, गावच्या तलाठ्यापुढे मराठीच लागायची, आणि शाळेत तीच भाषा मागच्या बाकावर बसली. कोकणातल्या मुसलमानांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना हा तोटा जमेस धरलाच पाहिजे.

३१ मार्च १८९० रोजी गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते नव्या इमारतीची कोनशिला बसली. जागा सरकारने दिली होती आणि तीही व्हिक्टोरिया टर्मिनसच्या समोर, शहराच्या अगदी दर्शनी भागात. जेम्स विलकॉक्सने आराखडा केला आणि १८९३ साली गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांनी इमारतीचे उद्घाटन केले. सीएसएमटीहून बाहेर पडणारा माणूस आजही रस्त्यापलीकडे ते घुमट आणि मनोरे पाहतो. ही इमारत भेंडी बाजारात किंवा डोंगरीत न होता तिथे झाली, हे फार चांगले झाले. ती कुणाच्याच मोहल्ल्यात नव्हती, त्यामुळे कुणाही मुसलमानाला ती आपली म्हणता आली.

त्यानंतरच्या चाळीस वर्षांत मोठ्या देणग्यांची एक मालिकाच दिसते. त्यातली महंमद हाजी साबू सिद्दीक यांची गोष्ट चटका लावणारी आहे. हा कच्छी मेमन तरुण वयाच्या तेविसाव्या वर्षी वारला. त्याच्या नावाने मागे राहिलेल्या पैशातून क्रॉफर्ड मार्केटजवळ मुसाफिरखाना झाला. हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यातून हजला निघालेली माणसे मुंबईला येऊन बोटीची वाट पाहत पडून राहायची, त्यांना तिथे छप्पर मिळाले. हाजी कोणत्या जमातीचा, हा प्रश्न तिथे उरला नाही. १९३६ साली भायखळ्याला त्याच नावाचे तंत्रशिक्षणाचे विद्यालय निघाले. आज ते अंजुमनच्या छत्राखाली आहे. मेमनाचा पैसा, सुलेमानी बोहऱ्यांच्या पुढाकाराने घडलेली संस्था, आणि लेथवर काम शिकणारी मुले मदनपुऱ्यातल्या उत्तर हिंदुस्थानी विणकरांच्या घरांतलीही. देणगीदाराचे नाव दारावर कोरलेले राहिले आणि कारभार सामाईक संस्थेकडे गेला. अंजुमनने हा मार्ग पुढे अनेकदा वापरला आणि त्यात मोठे शहाणपण होते. स्वतःच्या आई-बापाचे नाव पुसून सामाईक पेटीत पैसे टाका, असे सेठ लोकांना सांगून ते कुणी ऐकले नसते.

दुसरी देणगी सर महंमद युसुफ यांची. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी कोकणच्या बंदरांवरून ये-जा करत, आणि त्या कंपनीशी या घराण्याचे नाव जोडलेले होते. न्हाव्याला १९१० साली खलाशांच्या शिक्षणाची सोय त्यांनीच केली. १९१४ साली त्यांनी मुसलमानांच्या उच्च शिक्षणासाठी ८ लाख रुपये दिले, पण ते एखाद्या अंजुमनला किंवा जमातीला न देता सरकारच्या हाती दिले. कॉलेज उघडायला १९३० साल उजाडले. जोगेश्वरीच्या टेकडीवरचे इस्माईल युसुफ कॉलेज ते हेच. सोळा वर्षांत मुलांची एक आख्खी पिढी बाहेर राहिली. सामाईक काम सरकारवर सोपवले की जमातींचे भांडण टळते, पण वेळेवर कुणाचा हक्क राहत नाही, हे या देणगीत स्पष्ट दिसते. एकदा उघडल्यावर मात्र कॉलेजने दार कुणालाच बंद ठेवले नाही. पार्ल्याच्या टिळक विद्यालयातून निघालेले पु. ल. देशपांडे इथेच शिकले. वाचकांना पु. लं.चे पार्ले पाठ असते. त्यांच्या शिक्षणात एका आगबोटवाल्या मुसलमान सेठच्या दानाचाही वाटा होता, हे तितके ठाऊक नसते.

विश्वासाचा प्रश्न मात्र मिटला नव्हता. त्याचे सगळ्यांत बोलके उदाहरण फोर्टमधल्या एका दर्ग्यातल्या गल्ल्याचे. बोरा बाजारात सेठ चांदाभाईंची कबर आहे. दाऊदी बोहरे तिथे नवस फेडायला येत आणि गल्ल्यात पैसे टाकत. त्या पैशांचे काय होते, यावरून १९१७ च्या सुमारास वाद कोर्टात गेला. दाव्यामागे सर आदमजी पीरभाईंचे वारस होते. आदमजी म्हणजे लष्कराला तंबू पुरवून मोठे झालेले, १८९७ साली मुंबईचे शेरीफ झालेले गृहस्थ. १९०७ साली धावू लागलेली नेरळ-माथेरानची छोटी गाडी याच घराच्या पैशावर उभी राहिली. १९२१ साली न्यायमूर्ती मार्टन यांनी निकाल दिला. जमातीच्या सर्वोच्च धर्मगुरूंचे धार्मिक स्थान त्यांनी मान्य केले, पण त्या गल्ल्यातला पैसा हा विश्वस्त निधी आहे आणि त्याचा हिशेब द्यावा लागेल, असे ठरवले. कागदावर ही बाब एका दर्ग्याच्या पेटीपुरती होती. पण श्रद्धेने दिलेल्या पैशाचा हिशेब मागणे हा अपमान नाही, ही गोष्ट तिने मुंबईच्या मुसलमान संस्थांसमोर ठेवली. जमातींच्या एकत्र येण्यात धर्माच्या मतभेदांपेक्षा हिशेबाचा अभाव जास्त आडवा आला, असे या साऱ्या इतिहासावरून वाटते.

कायदाही याच दिशेने सरकत होता. वक्फ म्हणजे अल्लाहच्या नावे कायमची बांधून ठेवलेली मालमत्ता. तिच्या उत्पन्नातून आधी स्वतःच्या वंशजांची सोय आणि मग गोरगरिबांची, अशी रीत होती. १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने असे कौटुंबिक वक्फ अवैध ठरवले आणि देशभर खळबळ उडाली. मुंबईचे बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी केंद्रीय कायदेमंडळात खासगी विधेयक मांडून १९१३ साली ते पुन्हा वैध करून घेतले. १९२३ च्या कायद्याने मुतवल्लींना, म्हणजे वक्फच्या व्यवस्थापकांना, हिशेब दाखल करायला लावले. मग १९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम आला. मंदिर, मशीद, अग्यारी, शाळा, धर्मशाळा, सगळ्यांना एकच नोंदणी आणि एकच धर्मादाय आयुक्त.

त्या कायद्यात एक धाडसी कलम होते. एखाद्या ट्रस्टचा मूळ हेतू अजून पुरा होण्यासारखा असला तरी त्याचा पैसा कोर्टाला अधिक उपयुक्त वाटणाऱ्या कामाकडे वळवता येईल, असे ते म्हणत होते. विखुरलेले निधी एकत्र आणण्याचा तो सर्वांत सोपा रस्ता ठरला असता. १९५४ साली रतिलाल पानाचंद गांधी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो भाग रद्द केला. तक्रार घेऊन गेलेले होते एका जैन मंदिराचे व्यवस्थापक आणि पारशी पंचायतीचे विश्वस्त. दात्याने ज्या कामासाठी दिले ते काम शक्य आहे तोवर पैसा तिथेच लागला पाहिजे, असे न्यायालय म्हणाले. निकाल योग्यच होता. त्यामुळे एकत्र येण्याची जबाबदारी जिवंत देणगीदारांवर आणि विश्वस्तांवरच राहिली. कायद्याने जबरदस्तीने पेट्या जोडायच्या नाहीत, हे तेव्हा ठरले. पुढे वक्फ बोर्ड आणि धर्मादाय आयुक्त यांच्यापैकी कुणाचा अधिकार, हा वाद महाराष्ट्रात बराच काळ चालला. मुसलमानाने काढलेला प्रत्येक धर्मादाय ट्रस्ट म्हणजे वक्फ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले.

मुंबईच्या बाहेर ही कहाणी वेगळ्या माणसांनी घडवली. कोल्हापुरात व्यापारी जमाती नव्हत्या. तिथला मुसलमान शेतकरी, कारागीर, पागेतला नोकर. शाहू महाराजांनी आधी मराठा बोर्डिंगमध्ये काही मुसलमान मुलांची सोय केली, आणि १९०६ साली समाजातल्या मंडळींना बोलावून मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करवली. तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले. संस्थानाची जागा आणि अनुदान मिळाले. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग तेच. मुंबईत सरकारी अनुदानाच्या अटींनी जे घडवले, ते कोल्हापुरात राजाच्या अध्यक्षपदाने घडवले. खुर्चीवरून भांडण होण्याचा प्रश्नच त्यांनी ठेवला नाही. कुराणाचे मराठी भाषांतर व्हावे म्हणूनही त्यांनी पैसा लावला. आपल्या प्रजेतल्या मुसलमानाला त्याचा धर्म त्याच्या बोलीभाषेत वाचता यावा ही कळकळ त्यामागे होती. उर्दूवर भिस्त ठेवणाऱ्या अंजुमनच्या तुलनेत ही वाट अगदी निराळी.

आज अंजुमनच्या नव्वदच्या वर संस्था आहेत. नवीन पनवेलला काळसेकर यांच्या नावाचे तंत्रशिक्षण संकुल आहे, त्यात अभियांत्रिकी, फार्मसी आणि वास्तुकला एकाच आवारात शिकवतात. नाव कोकणी देणगीदाराचे, संस्था सगळ्यांची, हा जुनाच रिवाज.

तरीही रमजानात महंमद अली रोडवर उभे राहिले तर जुने विखुरलेपणही दिसते. गावोगावच्या मदरशांचे सफीर, म्हणजे देणग्या गोळा करणारे प्रतिनिधी, खांद्याला पिशवी लावून दुकानादुकानांत येतात. हातात पावतीपुस्तक, सोबत कुणा मान्यवर संस्थेच्या शिक्क्याचे तसदीकपत्र. पावतीवर रकाने छापलेले असतात: जकात, सदका, लिल्लाह. दुकानदार विचारून घेतो आणि त्या त्या रकान्यातच रक्कम लिहायला लावतो, कारण जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा अडीच टक्के भाग. तिचे हक्कदार कुराणात ठरवून दिलेले आहेत. तो पैसा गरजू माणसाच्या मालकीचा व्हावा लागतो, इमारतीच्या विटा त्यातून घेता येत नाहीत असे बहुतेक हनफी आलिम सांगतात. बांधकाम, पगार, वीजबिल हे लिल्लाहच्या रकान्यातून. देणारे भरपूर आहेत आणि मनापासून देतात, पण दाता मदरशागणिक वेगळी पावती फाडतो. एकाच तालुक्यातल्या पाच संस्था एकाच दुकानाच्या पायऱ्या चढतात, आणि त्यांतल्या एकीच्या वसतिगृहात रिकाम्या खोल्या आहेत हे दुसरीला ठाऊक नसते. जकातीच्या नियमांना धक्का न लावता ही माहिती एकत्र ठेवता येईल. त्यासाठी फार पैसाही लागणार नाही. पण सफीराच्या प्रवासाचा आणि पगाराचा खर्च कुणी उचलायचा, दात्यांची यादी दुसऱ्याला कोण दाखवणार, इथे बोलणे अडते.

ते अडलेले कसे सुटू शकते, हे २०२० साली इचलकरंजीत दिसले. यंत्रमागांचे हे गाव शाहू महाराजांच्याच जिल्ह्यातले. करोनाच्या टाळेबंदीतच रमजान आला. माग बंद, मजूर घरी. अशा वेळी गावातल्या मुसलमान समाजाने जकातीचे आणि दानाचे पैसे एकत्र करून ३६ लाख रुपये उभे केले आणि आयजीएम या सार्वजनिक रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग करून दिला. ईदच्या दिवशी, २५ मे रोजी, तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दूरचित्र संवादातून त्याचे उद्घाटन केले. यंत्रमागवाले, दुकानदार, मशिदींचे विश्वस्त यांना त्या महिन्यात आपापल्या वह्या बाजूला ठेवून एका कामापुरता एकच हिशेब मांडावा लागला, आणि तो रमजान संपायच्या आत पुरा करावा लागला.